खाली जाणारा बाण

१८ मे
संध्याकाळी रंकाळ्याची पूर्ण फेरी. निघताना शुगर १४२, परतल्यावर ७४. पळाले नाही, नुसती झपाझप चालले. चारला पोहे खाल्ले होते, त्यांच्यासाठी टोचलेलं इन्सुलिन अजून अंगात होतं.
भेळेच्या गाड्यांजवळ ओठ बधिर झाले. खिशात ग्लुकोजची पुडी होती.

१९ मे
दादाचा फोन. "यंदा पन्हाळा–पावनखिंड. १२ आणि १३ जुलै. येतीस?"
हो म्हटलं. आई शेजारी मेथी निवडत होती. काही बोलली नाही.

२० मे
झोप नाही. दोन दिवसांत पन्नास किलोमीटरच्या वर चाल, भर पावसात. मुक्काम करपेवाडीला. वाटेत दवाखाना नाही, बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नाही. दादा म्हणतो, चढ फार नाही. चढाची भीती नाहीच.
वयाच्या चौदाव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह. शाळेच्या सहली, कॉलेजचे ट्रेक, सगळीकडे एकच. "तू नको, तू राहा." राहिले.

२३ मे
डॉक्टर मॅडमकडे. जाऊ का, असं विचारलं नाही. कशी जाऊ, असं विचारलं. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.
इतरांचं शरीर चालायला लागलं की स्वादुपिंड इन्सुलिन आखडतं आणि यकृत साठवलेली साखर सोडतं. खर्च आणि पुरवठा जुळतात. रक्तातला आकडा फारसा हलत नाही. माझ्या अंगात जे टोचलं ते टोचलं, परत घेता येत नाही. ते असेपर्यंत यकृतही साखर सोडायला राजी नसतं. त्यात पायांचे स्नायू आकुंचन पावताना इन्सुलिनशिवायही साखर ओढतात. म्हणून फेरीत ७४.
कागदावरचं इथे उतरवून ठेवते. ९० च्या खाली असेल तर आधी खायचं, आकडा वर आला की मगच निघायचं. ९० ते १२५ असेल तर दहा ग्रॅम पोटात घालून. १२६ ते १८०, खुशाल. २५० च्या वर आणि कारण कळत नसेल तर कीटोन तपासायचे, १.५ किंवा जास्त आले तर चालायचं नाही. आदल्या चोवीस तासांत दुसऱ्या कुणाची मदत लागावी इतकी शुगर पडली असेल तर त्या दिवशी घरी. व्यायामाआधीच्या जेवणाचं इन्सुलिन निम्मं. ते पोटात टोचायचं, मांडीत नाही, चालत्या पायातलं लवकर रक्तात उतरतं. लांब चालीत तासाला तीस ते साठ ग्रॅम खात राहायचं.
उठताना म्हणाल्या, "हे पुस्तकातले आकडे झाले. तुमचे तुम्हाला शोधायचेत. दीड महिना आहे."

२५ मे
पहाटे, उपाशीपोटी. जेवणाचं इन्सुलिन अंगात अजिबात नाही. तीच फेरी, तोच वेग. १३१, मग १२२.

२६ मे
पुन्हा पहाटे. १२८, मग १३३.
त्याच पायांची तीच चाल. फरक फक्त आधी काय टोचलं त्याचा.

३१ मे
जोतिबा, पायऱ्यांनी. दुपारी चार ते सहा. निघताना १६०, वर १३८, उतरल्यावर १२४. दर अर्ध्या तासाला खजूर. जेवताना १५१.
आई आज पहिल्यांदा बोलली. "गुडघे दुखले का?" गुडघ्यांचं विचारलं म्हणून बरं वाटलं.

१ जून
रात्री दोन वाजून दहा मिनिटं. ५६.
उशी ओली. स्वप्नात कुणीतरी फळ्यावर गणित मांडलं होतं, उत्तर येत नव्हतं, वर्ग थांबला होता. यांनी दिवा लावला, मीटर त्यांनीच धरला. ग्लुकोजचे तीन चमचे पाण्यात.
आणि मग पंधरा मिनिटं. पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा बघा. हा नियम दिवसा सोपा वाटतो. रात्री शरीर एकच म्हणतं, खा. फडताळातला लाडू, गूळ, पाव, कालचा भात, सगळं खा. तसं खाल्लं की पहाटे ३००, मग ते उतरवायला इन्सुलिन, मग पुन्हा हेच. फ्रिजला पाठ लावून फरशीवर बसले. हे समोर बसले, घड्याळ बघत. एकही शब्द नाही. बोललेलं मला अशा वेळी सहन होत नाही, हे त्यांना माहीत आहे.
७१. पुन्हा एक पुडी. मग ९४. दोन बिस्किटं आणि दूध.
यांना सकाळी आठला ऑफिस.

३ जून
मॅडमना फोन. त्यांना नवल वाटलं नाही. ऑस्ट्रेलियात पर्थच्या डॉक्टरांनी २००७ साली टाइप १ असलेल्या किशोरवयीन मुलांवरचा अभ्यास छापला. दुपारी पाऊण तास सायकल मारली की साखरेची गरज लगेच वाढते, मग ओसरते आणि सात ते अकरा तासांनी पुन्हा वाढते. सहाला जोतिबा उतरले, त्यात आठ तास मिळवले की दोन वाजतात. स्नायू चालताना रिकामे झालेले साठे रात्री भरून घेतात.
म्हणजे चाल संपली तरी चाल संपत नाही.
यापुढे मोठ्या चालीच्या रात्री बेसल, म्हणजे दिवसभर पुरणारं इन्सुलिन, १६ युनिटऐवजी १३. झोपताना खाणं, त्यावर इन्सुलिन नाही. दोनचा गजर.

७ जून
वळीव. मातीचा वास घरभर.
आर. डी. लॉरेन्स या स्कॉटिश डॉक्टरबद्दल वाचत बसले. त्याला स्वतःलाच मधुमेह. इटलीत फ्लॉरेन्सला जगण्याची आशा सोडून राहिलेला. १९२३ मध्ये लंडनला परतून इन्सुलिन सुरू केलं आणि वाचला. १९२६ मध्ये त्यानंच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये व्यायाम आणि इन्सुलिनवर लेख लिहिला. तेच इन्सुलिन, पण व्यायाम केला तर साखर जास्त खाली जाते. पुढे १९३४ मध्ये एच. जी. वेल्सबरोबर मधुमेहींची संघटना काढली.
शंभर वर्षं होत आली. त्याच्याकडे बोटावरचा मीटर नव्हता. तरी त्यानं चाचण्या केल्या, लिहून ठेवलं. मीही लिहून ठेवते.

१० जून
जोतिबा पुन्हा. बेसल १३. रात्री दोनला ११६. पहाटे १४८. यांनी डोळे न उघडता विचारलं, "किती?" सांगितलं. कूस बदलून झोपले.

१६ जून
मी शिकवते ती शाळा सुरू. मैदानावर चिखल आणि फुटबॉल. या गावात पोराला चालता यायच्या आधी कुठल्या पेठेचा संघ आपला ते कळतं.
आठवी ब मधला एक मुलगा कडुनिंबाखाली बसून सगळ्यांच्या बाटल्या सांभाळत होता. पायात बूट, नडगीला पॅड. खेळायला का नाहीस, विचारलं. "सर नको म्हणाले. मला शुगर आहे."
मान खाली घालून बोलला नाही. सरळ बघून बोलला. ते जास्त लागलं.

१७ जून
पीटीच्या सरांशी बोलले. माणूस वाईट नाही. गेल्या वर्षी हा मुलगा सरावात कोसळला, तेव्हा सरांनीच उचलून रिक्षात घातला. "मॅडम, परत पडला तर? मला काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही."
खरं आहे. कुणीच सांगितलं नाही.

१९ जून
मुलाची आई आली. शिवणकाम करते. त्याचं इन्सुलिन सकाळी सातला आणि रात्री आठला, दोनदाच, मिश्रण. त्यातलं गढूळ इन्सुलिन सावकाश चढतं, चार तासांनंतर जोर धरतं आणि तो जोर संध्याकाळपर्यंत राहू शकतो. डबा दुपारी एकला. सराव साडेचारला. तोवर डबा जिरलेला, इन्सुलिन भरात, आणि वर तासभर धावणं. तो कोसळणारच होता. त्यात त्याच्या तब्येतीचा नाजूकपणा नाही, आईची हयगय नाही, सरांचा दोष नाही. घड्याळ बघायला हवं होतं.
वहीच्या पानावर दिवसाचा तक्ता काढून दिला. सुई कधी, डबा कधी, सराव कधी. म्हटलं, हा घेऊन त्याच्या डॉक्टरांकडे जा. मात्रा बदलायची का ते त्यांनी ठरवायचं, मी नाही.
पट्ट्या महाग. दिवसाला दोनच परवडतात. त्याच्या मीटरला चालणाऱ्या पट्ट्यांची डबी माझ्या कपाटात ठेवली.

२२ जून
त्याच्या डॉक्टरांनी सरावाच्या दिवसांसाठी सकाळची मात्रा कमी करून दिली. चार वाजता केळं. साडेचारला बोट टोचायचं. १२६ च्या वर असेल तर मैदान.
आज १३९. वीस मिनिटं खेळला. सर रेषेवर हातात घड्याळ धरून उभे. मी त्यांच्या शेजारी.
नंतर १०१.

२४ जून
त्याला वसीम अक्रमचं सांगितलं. १९९७ मध्ये मधुमेह निघाला, वय तिशीचं, इन्सुलिन सुरू झालं. त्यानंतर २००३ पर्यंत खेळला. त्याच वर्षीच्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांतला ५०० वा बळी.
"त्याला कुणी बसवलं नाही?"
१९९९ च्या विश्वचषकात तोच कर्णधार होता, म्हटलं.
बराच वेळ बुटाची नाडी बांधत होता.

२६ जून
फिरून आल्यावर शेवटी दहा सेकंद जीव तोडून पळून बघितलं. हेही ऑस्ट्रेलियातलंच, २००६ चं. जोरात पळालं की अॅड्रेनलिन उसळतं, यकृत साखर सोडतं, घसरण थोडा वेळ थांबते. १०२ होती, वीस मिनिटांनी १०४. न पळता याच वेळी ऐंशीच्या घरात असते.
मुलाला सांगताना दोनदा बजावलं. शुगर लो झाल्यावर पळायचं नाही. तेव्हा फक्त खायचं.

२९ जून
मुसळधार. मुद्दाम बाहेर पडले. रंकाळा दिसत नव्हता, नुसता आवाज.
आज कळलं खरी भीती कसली ते. शुगर पडते तेव्हा मला घाम येतो, हात थरथरतात, भूक लागते, थकवा येतो. पावसात चालताना अंग ओलंच असतं. थंडीनं हात थरथरतात. भूक आणि थकवा सगळ्यांनाच. माझं शरीर ज्या भाषेत हाक मारतं ती पाऊस आधीच बोलत असतो. १३० असताना तीच थरथर, ७२ असतानाही तीच. दोन्ही आज अनुभवलं, डोळे मिटून फरक सांगता आला नसता.
छत्रीखाली मीटर. बोटं सुरकुतलेली, थेंब पाण्यात पसरला, मीटरनं चूक दाखवली. कोरडा पंचा प्लास्टिकच्या पिशवीत हवा. बोट पुसायचं, पहिला थेंब टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा. गूळ-खजूर खाल्लेलं बोट तसंच टोचलं तर आकडा खोटाच वर जातो, हेही लक्षात ठेवायचं.

२ जुलै
ट्रेकवाल्यांची बैठक. अर्जात "काही आजार?" अशी एक ओळ. आजवर अशा ओळी मोकळ्या सोडत आले. आज लिहिलं, मागच्या बाजूपर्यंत. मग उभी राहून वाचूनही दाखवलं. मी गप्प झाले, चिडले, अडखळले तर आधी ग्लुकोज द्या, चौकशी नंतर. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा. शुगर वर आणणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन दादाच्या सॅकमध्ये, लाल पिशवीत.
तीस-पस्तीस जण. शांतता. मागून एका काकांनी विचारलं, "चॉकलेट चालेल का?" म्हटलं, नको, त्यातल्या तुपटपणामुळे साखर सावकाश चढते. साधं ग्लुकोज, नाहीतर साखरपाणी.
दुसऱ्या एकानं ते वहीत लिहून घेतलं.

४ जुलै
दादानं मुदत संपलेल्या जुन्या संचावर ग्लुकॅगॉन मिसळायचा सराव केला. पावडरीत पाणी, हलवायचं, ओढायचं. त्याचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते. दुसऱ्यांदा जमलं.

६ जुलै
मुलगा आता पूर्ण सराव खेळतो. मध्यंतराला बोट टोचतो. बाकीची पोरं भोवती वाकून आकडा मोठ्यानं वाचतात. त्याला आवडतं.

९ जुलै
दोन पेनं, दोन मीटर. एक जोडी माझ्या गळ्यात, एक दादाकडे. पट्ट्यांच्या डब्या झिपच्या पिशवीत. ग्लुकोजच्या पुड्या सॅकमध्ये नाहीत, जर्किनच्या दोन्ही खिशांत. सॅक उतरवायची वेळ आली तर उशीर झालेला असतो.
शेंगदाण्याची चिक्की आईनं केली. तिला सांगितलं, ही भुकेसाठी, लोसाठी नाही. "ठाऊक आहे," म्हणाली. "सत्तावीस वर्षं झाली."

१० जुलै
शुगर मोजणारा सेन्सर लावला, डाव्या दंडावर. चौदा दिवसांचा. महाग, म्हणून फक्त या वेळी. फोनवर आकडा आणि बाण. आडवा, तिरपा, खाली.

११ जुलै
पन्हाळ्यावर. धुकं. बेसल १३. सगळे झोपले.

१२ जुलै, करपेवाडी, रात्री नऊ
शाळेच्या व्हरांड्यात, बॅटरीच्या उजेडात लिहितेय. हात आखडलेत.
सकाळी सहाला पोहे, सहाऐवजी तीन युनिट. बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हार, घोषणा, उतार. म्हाळुंग्यापर्यंत १६८, आडवा बाण. दर अर्ध्या तासाला पंधरा-वीस ग्रॅम, भूक असो नसो. दादा वेळ सांगायचा, मी खायचे.
मसाईचं पठार. पुढच्या माणसाची सॅक दिसेना. वारा असा की बोललेलं उडून जात होतं. फोनवर १०९, बाण सरळ खाली. थांबलो. दादानं पाठ वाऱ्याकडे करून रेनकोट पसरला, त्याच्या आत मी. पंचा, बोट, दुसरा थेंब. ८३.
सेन्सर खोटं बोलत नाही, मागून बोलतो. तो पेशींभोवतीच्या पाण्यातली साखर मोजतो. शुगर झपाट्यानं उतरत असली की रक्त पुढे गेलेलं असतं. १०९ वर विसंबून चालत राहिले असते तर पठाराच्या मध्यावर साठ.
पुडी. पंधरा मिनिटं. सगळे पुढे गेले, शेवटचा वाटाड्या आमच्याबरोबर थांबला. तो काही विचारत नव्हता. नुसता आमच्या आणि वाऱ्याच्या मध्ये उभा. ११२. निघालो.
कुंभारवाडीत एका घरी चहा. आजी म्हणाल्या, "लई थरथरालीयास की." दादानं सांगितलं, हिला शुगर आहे, साखर जास्त घाला. आजींना पटेना. "शुगर हाय आन् साखर?" चुलीशी बसून समजावलं. शुगर नुसती वाढत नाही, औषधानं आणि चालण्यानं पडते पण. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, आमच्या मालकांना बी असंच व्हायचं रानातनं आल्यावर, आमी म्हणायचो उपाशी गेलं म्हणून चक्कर आली. गोळ्या घ्यायचे. रोपलावणीच्या दिवसांत दोनदा बांधावर पडले.
मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही असं होतं. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून भात लावणं हा केवढा व्यायाम. त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही, म्हणून डॉक्टरही विचारत नाहीत.
जेवण, भात-आमटी. निम्मंच इन्सुलिन. आत्ता १६४. बेसल १२. गजर बारा आणि तीन.

१३ जुलै, पहाटे तीन
फोन ओरडला. ६१. बोट टोचलं, ९७. त्याच दंडावर झोपले होते. दाबानं सेन्सर खोटाच खाली जातो, तसं असावं. तरी कालच्या चालीवर ९७ पुरेसे नाहीत. चार बिस्किटं. बाहेर बेडूक.

१३ जुलै, रात्री, घरी
दुसरा दिवस वेगळा असतो. मॅडमनी सांगितलं होतं. आदल्या दिवशी खूप चाललेलं शरीर, त्यात कधी शुगर पडलेली असेल तर आणखीच, दुसऱ्या दिवशी धोक्याची खूण उशिरा देतं, कधी देतच नाही. साठेही रिकामे. न्याहारीला दोनच युनिट.
पाटेवाडीच्या आधी सॅकच्या पट्ट्यात अडकून सेन्सर निघाला. लाल मातीत पडला. उचलून खिशात ठेवला, का कुणास ठाऊक. त्यानंतर फक्त बोट, दर पाऊण तासाला. १४४. १२१. १३०.
पांढरेपाण्याच्या अलीकडे. मला छान वाटत होतं, हे लिहून ठेवायला हवं. थकवा नाही, थरथर नाही, भूक नाही. पाय आपोआप पडत होते. दादा काही बोलत होता, ते ऐकू येत होतं आणि दूरचं वाटत होतं. त्यानं समोर येऊन दोन्ही खांदे धरले. "दोनदा विचारलं. उत्तर देत नाहीयेस."
मी म्हटलं म्हणे, "मग काय झालं?" मला आठवत नाही.
५१.
ट्रेकच्या म्होरक्यांनी माझा तो अर्ज प्लास्टिकमधून काढला आणि मोठ्यानं वाचला. आधी ग्लुकोज, चौकशी नंतर. चॉकलेटवाल्या काकांनी पुडी फाडली. मी ती ढकलली, असं दादा सांगतो. त्यांनी ऐकलं नाही. ऐकायचं नाही असंही त्या कागदावर आहे.
५१, ६६, ९२, १२८. जवळजवळ तास गेला. अंगावर कुणाचं तरी इरलं. म्होरके म्हणाले, जीपचा रस्ता इथून जवळ आहे, तुम्ही ठरवा. दादा माझ्याकडे बघत होता. त्याच्या मनात जीप होती. मी अजून वीस मिनिटं मागितली. १३६, आणि मीटर दोन वेळा तेच सांगत होता. दुसऱ्याला मला द्यावं लागलं खरं, पण शुद्ध गेली नव्हती. मॅडमचा कागद आठवला. आदल्या चोवीस तासांत दुसऱ्याची मदत. तो नियम माझ्याच अक्षरात या वहीत आहे.
जीपनं गेले. पावनखिंडीपाशी उतरले, आणि खिंडीत तेवढी चालून गेले, दोघांचे हात धरून. पाण्याचा आवाज छातीत. शेवटचे काही किलोमीटर राहिले. राहू देत. पुढच्या जुलैत ते आहेतच.
दादा परतीच्या वाटेवर झोपला. रडलेला होता.

१४ जुलै
बेसल १२. दोनला ८९. दूध-बिस्किटं. चोवीस तासांहून जास्त वेळ हे चालू राहतं.
आईला सगळं सांगितलं. ५१ सुद्धा. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी त्या काकांना पण ने."

१५ जुलै
मॅडमकडे वही नेली. त्यांनी १३ तारखेचं पान दोनदा वाचलं. पुढच्या वेळी दुसऱ्या दिवशी न्याहारीचं इन्सुलिन आणखी कमी, पाऊण तासाऐवजी अर्ध्या तासानं बोट, आणि बरोबरच्या माणसानं दर पंधरा मिनिटांनी काहीतरी विचारायचं. साधा प्रश्न. उत्तर यायला वेळ लागला तर थांबायचं.
हा शेवटचा मुद्दा त्यांनी स्वतःच्या डायरीत लिहून घेतला. दुसऱ्या कुणा पेशंटसाठी.

१७ जुलै
शाळेत पीटीच्या सरांनी विचारलं, कागद आहे का असा, मुलासाठी? माझा अर्ज घेऊन बसलो. त्याच्यासाठी बदलून लिहिला. खेळताना चुकीच्या बाजूला पळायला लागला, पास दिसत असून सोडला, विनाकारण भांडला, तर आधी बाहेर बोलवा आणि ग्लुकोज द्या. सर म्हणाले, "भांडतो तो कधीकधी. मी शिक्षा केलीय त्याबद्दल."
मग बराच वेळ पेन फिरवत बसले.

१९ जुलै
पहिला आंतरशालेय सामना. दुपारी तीन.
सामन्याआधी २३४. त्याची आई घाबरली, सुई काढायला लागली. थांबवलं. कीटोन नाहीत, जेवण वेळेवर, सुई वेळेवर. सामन्याच्या ताणानं अॅड्रेनलिन चढतं, त्यानं वाढलेली शुगर खेळताना आपोआप उतरते. आत्ता टोचलं तर उत्तरार्धात मैदानात पडेल. तिनं पेन पिशवीत ठेवलं, हात मात्र पिशवीवरच.
मध्यंतर, १७२. पोरं ओरडली, "एकशे बाहत्तर!"
दुसऱ्या संघाच्या पालकांना काही कळेना.
शेवटी ११८. बरोबरी. पूर्ण वेळ खेळला. उत्तरार्धात सरांनी त्याला एकदाही बदलला नाही. मी विचारलं, का? "नीट पास देत होता," एवढंच म्हणाले.
आईला सांगितलं, आज रात्री दोनचा गजर. झोपताना दूध-पोळी. ती म्हणाली, गजर त्यानं स्वतःच लावलाय.

२० जुलै
सकाळी शाळेच्या फाटकाशी मला थांबवून त्यानं सांगितलं. "रात्री दोनला ८२. मी उठून खाल्लं. मग पंधरा मिनिटं थांबलो. आईला उठवलं नाही."
म्हटलं, आईला उठवायचं. रात्री दोनला एकट्यानं बसायचं नाही. तो जरा हिरमुसला. मग हो म्हणाला.

२१ जुलै
पुढचा सामना शनिवारी. सरांना विचारायचं, किती वाजता. सकाळचा असेल तर त्याची सात वाजताची सुई, न्याहारी, सगळंच बदलेल. उद्या त्याच्या आईला डॉक्टरांकडे पाठवायचं. पट्ट्या संपत आल्यात, येताना दोन डब्या.